दादाच्या नंतरची खुर्ची

आत्याआजी : ...असं नाही, आधी डोळे मीट. मिटलेस? आता समज, आपण पाच जण गोल बसलोय. प्रत्येकाच्या हातात एक झाकलेला डबा. कुणाच्या डब्यात चॉकलेटं भरलीत, कुणाचा नुसताच डबा. ज्याचा त्यालाच माहीत. आता एकेकानं बोलायचं, पैज लावायची, पैशांऐवजी माझ्या शिवणाची बटणं. 'माझ्या डब्यावर मी दोन बटणं लावतो', नाहीतर 'मी नाही बाबा'. तू कितवी बोलशील?

भिंगरी : पहिली!

आत्याआजी : का गं?

भिंगरी : पहिला नंबर तो पहिला नंबर.

आत्याआजी : शाळेत असेल. तू पहिली बोललीस. तुझ्या डब्यात एकच चॉकलेट आहे. तू दोन बटणं लावलीस. पुढच्या चौघांच्या डब्यांत काय आहे, तुला ठाऊक आहे?

भिंगरी : मला कसं ठाऊक असणार? ते अजून बोललेच नाहीत.

आत्याआजी : आणि तू शेवटी बोललीस तर?

भिंगरी : तर... थांब. पहिला म्हणाला नाही बाबा. दुसरा म्हणाला नाही बाबा. तिसरा, चौथा पण. म्हणजे सगळे डबे रिकामे! मग माझं एक चॉकलेट पण पुष्कळ झालं!

आत्याआजी : उघड डोळे. झाला निम्मा पोकर शिकून.

भिंगरी : एवढाच?

आत्याआजी : निम्माच म्हटलंय मी. हा पत्त्यांचा कॅट घे, पीस. अगं, पीस म्हटलं, उधळ नव्हे! ती बदाम राणी बघ, शिलाई मशीनच्या पायडलखाली गेली. तुझं नाव भिंगरी ज्यानं ठेवलं त्याला बक्षीस द्यायला हवं.

भिंगरी : तूच ठेवलंयस.

आत्याआजी : मग मलाच दे. बरं, आपल्या घरचे नियम म्हणून दाखव. चार वाजता सगळे जमतील, तेव्हा विचारत बसू नकोस.

भिंगरी : प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले. मधे पाच पत्ते उघडे, आधी तीन, मग एक, मग एक. दर वेळी लावायचं असेल तर लावायचं, नसेल तर नुसतं 'पास' म्हणायचं; पण दुसऱ्यानं लावलं तर तेवढी भरायची, नाहीतर पत्ते सोडायचे. पण एका वेळी दोनच बटणं. कुणी दोन लावली तर दुसरा वर आणखी दोन वाढवू शकतो, जास्त नाही.

आत्याआजी : हा आपल्या घरचा सगळ्यात चांगला नियम. मूठभर बटणं मधे ओतून कुणी कुणाला भेदरवू शकत नाही. मोठे काका असोत की तू, दोन म्हणजे दोनच. पुढे?

भिंगरी : वाटणारा सगळ्यात शेवटी बोलतो. त्याच्या पुढच्या खुर्चीवरचा पहिला. डाव संपला की वाटायचं काम पुढच्या खुर्चीकडे. आणि डाव संपल्यावर कुठलीही रिकामी खुर्ची कुणीही घ्यावी, कुठल्याही टेबलावर.

आत्याआजी : आणि शेवटी?

भिंगरी : शेवटी आपापली बटणं दोऱ्यात ओवायची. ज्याची माळ सगळ्यात लांब, त्याला सुट्टीभर माळ्यावरची खोली! आत्याआजी, यंदा ती मला मिळायलाच हवी. नुसती हवी नाही, मिळायलाच हवी.

आत्याआजी : दरवर्षी सगळ्यांनाच हवी असते.

भिंगरी : माझं वेगळं आहे. तू कुणाला सांगणार नाहीस ना? आईलासुद्धा?

आत्याआजी : पन्नास बायकांच्या कमरेची मापं माझ्या डोक्यात आहेत. एकीचं दुसरीला कधी सांगितलं नाही.

भिंगरी : माळ्यावरच्या खिडकीबाहेर, कठड्यावर, होल्याचं घरटं आहे. चार काड्या इकडून, चार काड्या तिकडून, झालं घरटं. त्यात दोन अंडी आहेत. आणि ती खिडकी बाहेरच्या बाजूला उघडते!

आत्याआजी : अगं बाई. म्हणजे कुणी खिडकी ढकलली की...

भिंगरी : संपलं. आणि दादा जिंकला तर आधी खिडकीच उघडणार. त्याला वारा लागतो. वारा, वारा करत असतो नुसता.

आत्याआजी : मग सांग की त्याला.

भिंगरी : गेल्या सुट्टीत व्हरांड्यातलं घरटं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. आठवतं? सगळे स्टुलावर चढून फोटो काढत होते. स्टूल कुणी आणलं? दादानं. पाखरू उडालं ते परत आलंच नाही. आता मी कुणाला काही सांगत नसते. मी खोली जिंकणार, खिडकी बंद ठेवणार, पिल्लं उडेपर्यंत.

आत्याआजी : हं. मग नीट बसूया. आज कुठे बसणार आहेस?

भिंगरी : स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मोठ्यांच्यात! दादा पण यंदा तिथेच बसणार आहे. सगळे म्हणतात खरा खेळ तिथेच असतो.

आत्याआजी : तुला खरा खेळ हवाय की खोली?

भिंगरी : ...खोली.

आत्याआजी : तिथे कोण कोण असतं? मोठे काका, काकू, जावईबापू. तिघं तोंडं शिवून बसतात. पत्ते बरे नसले की लगेच खाली. पत्ते चांगले असले तरच लावतात. अशा माणसांकडून तुला बटणं कशी मिळणार?

भिंगरी : आणि व्हरांड्यात?

आत्याआजी : तुझी मावशी पत्ते कधी सोडते का?

भिंगरी : कध्धी नाही! ती म्हणते, 'पुढचा पत्ता काय येतो ते तर बघू दे!' हातात दुर्री-पंजी असली तरी बघत बसते.

आत्याआजी : आणि धाकटे काका?

भिंगरी : ते विनोद सांगत असतात. आपली पाळी आली हेच त्यांना कळत नाही. कुणीतरी कोपर मारलं की दोन बटणं टाकतात.

आत्याआजी : मग? गेली दोन वर्षं दादा कुठून जिंकला?

भिंगरी : व्हरांड्यातून! अरे! मग यंदा तो स्वयंपाकघरात का चाललाय?

आत्याआजी : यंदा त्याला मिसरूड फुटलंय.

भिंगरी : हसवू नकोस ना, पत्ते सांडतात.

आत्याआजी : आता उरलेला निम्मा शिक. तुला पहिलं बोलायचं असेल, तेव्हा एक्का, राजा, जोडी असलं काही असेल तरच खेळ. नाहीतर सोडून दे. वाटणारी तू असशील, शेवटी बोलायचं असेल, तेव्हा जरा मध्यम पत्तेही चालतील. आणि टेबलावर एखादा सारखा दोन-दोन लावणारा असेल, तर त्याच्या नंतरची खुर्ची पकड. म्हणजे तो आधी बोलतो, मग तू.

भिंगरी : पण तो वाटायला बसला की मीच पहिली बोलणार. मी त्याच्या पुढच्याच खुर्चीवर ना.

आत्याआजी : शाबास! हे मी सांगितलं नव्हतं. त्या एका डावात गुपचूप बस.

भिंगरी : गुपचूप बसणं मला जमत नाही, आत्याआजी.

आत्याआजी : ते दिसतंय. पाय हलवणं थांबव, टेबल थरथरतंय. सोपं सांगते. पत्ते सोडलेस की बाकीच्यांची तोंडं बघ. तुला बघायला आवडतं ना? माळ्यावर बसून घरट्यातल्या होलीला तासभर बघत असशील, तेव्हा पाय हलवतेस?

भिंगरी : नाही. हलले तर ती उडेल.

आत्याआजी : झालं तर मग.

* * *

भिंगरी : आत्याआजी, सरबत आणायला आले असं दाखव. माझा ढीग बघितलास?

आत्याआजी : बघितला. पंच मी आहे, मी सगळ्यांचे ढीग बघते. हळू बोल.

भिंगरी : मावशीनं दुर्री-सत्तीवर शेवटपर्यंत बटणं घातली! आणि काकांनी आपले पत्ते उलटे धरले होते, आम्हाला सगळ्यांना दिसत होते. मी सांगितलं हं त्यांना. ते तसं घेणं बरोबर नाही ना?

आत्याआजी : बरोबर नाहीच. बरं केलंस.

भिंगरी : आणि दादा?

आत्याआजी : त्याच्याकडे आधीचं पुष्कळ होतं म्हणून बरं. सुरुवातीला एक मोठा डाव लागला त्याला. मग जावईबापूंनी उसवायला घेतलंय. प्रत्येक वेळी दोन लावतो, समोरचे सोडून तरी देतात, नाहीतर चांगले पत्ते दाखवतात. ...हा बघ आलाच. घाम पूस रे, बाबा. खरा खेळ कसा चाललाय?

दादा : ठीक. जरा गरम होतंय तिकडे. वारा नाही.

आत्याआजी : हो का.

दादा : ए भिंगरे, एवढी बटणं कुणाची? मावशीची सांभाळतेस का?

भिंगरी : माझी आहेत.

दादा : हॅ! ...खरंच? मग मी इकडेच येतो. जुनं टेबल आहे माझं. आत्याआजी, खुर्ची रिकामी आहे ना?

आत्याआजी : भिंगरीच्या पुढची रिकामी आहे. नियमानं तुझी.

दादा : झालंच. सरक गं. आता बघ, दर वेळी तू आधी बोलणार आणि मी नंतर. दोन वर्षं उगाच जिंकलो नाही मी.

भिंगरी : आत्याआजी!

आत्याआजी : मी पंच आहे. दादाच्या पलीकडे तुझी आई, वाटायची पाळी तिची.

दादा : काय झालं? तोंड का उतरलं?

भिंगरी : काही नाही. घे पत्ते. मावशी, तू पहिली.

आत्याआजी : मावशीबाई दोन. धाकटे काका... काका, तो विनोद नंतर. दोन. आता भिंगरी. तुझी आई कुठे निघाली?

भिंगरी : आई उठतेय. चहा ठेवायला. ती म्हणते तिचं पुरे झालं.

दादा : मी तुझ्या नंतर. तू काय लावतेस, बोल, बोल, बोल पटकन.

भिंगरी : सोडले.

दादा : घाबरली! माझी दोन.

भिंगरी : हा डाव संपला की सांगते.

आत्याआजी : डाव मावशीबाईंचा. त्यांना कसा लागला ते त्यांनाही कळलेलं नाही. हं, पत्ते गोळा करा.

भिंगरी : आत्याआजी, आईची खुर्ची रिकामी आहे. ती मी घेते.

दादा : का? आईची खुर्ची कशाला? माझ्या पलीकडची?

भिंगरी : ऊन येतंय डोळ्यांवर.

दादा : पूर्वेकडच्या व्हरांड्यात, पाच वाजता? आत्याआजी, हिला ऊन येतंय म्हणे.

आत्याआजी : नियमानं तिची. बस गं.

दादा : बसू दे. काय फरक पडतो? दोन!

भिंगरी : सोडले.

दादा : दोन!

भिंगरी : सोडले.

दादा : अगं खेळायला बसलीस की बघायला?

भिंगरी : बघायला.

आत्याआजी : शेवटचा डाव. वाटणार भिंगरी. मावशीबाई दोन, काका दोन. दादा?

दादा : माझी दोन.

भिंगरी : माझी पण.

दादा : अरे वा, खेळतेय! जागी झाली!

आत्याआजी : उघडते मधले तीन. राणी, सत्ती, तिर्री. मावशीबाई पास. काका... काका! पास. दादा?

दादा : दोन. सोड तू आता सवयीप्रमाणे.

भिंगरी : दोन. आणि वर दोन.

दादा : काय?

भिंगरी : दोन आणि वर दोन. नियमानं.

दादा : ...ठीक. भरतो.

आत्याआजी : पाळी मावशीबाईंची होती रे. त्या पण भरतायत, पुढचा पत्ता बघायचाय त्यांना. काकांनी सोडले. चौथा पत्ता, अठ्ठी. मावशीबाई पास. दादा?

दादा : पास.

भिंगरी : दोन.

दादा : तुझ्याकडे आहे तरी काय? बरं, दोन.

आत्याआजी : मावशीबाई दोन. शेवटचा पत्ता, दुर्री. मावशीबाई पास. दादा?

दादा : ...पास.

भिंगरी : दोन.

दादा : दोन बटणांसाठी मी पत्ते सोडणार? मी? ही घे दोन! मावशी पण आहे. दाखव.

भिंगरी : राणीची जोडी.

दादा : एवढंच? माझी सत्तीची. मावशीकडे... मावशी, यात काहीच नाही! अगं, तू राणीच्या एका जोडीवर सारखी वाढवत होतीस? माझ्याकडे तीन सारखे असते तर?

भिंगरी : असते तर तू पास म्हणाला नसतास. तू पास म्हणालास तेव्हाच मला कळलं. तू माझ्या आधी बोलतोस ना.

दादा : म्हणजे... ऊन बिन काही नव्हतं?

भिंगरी : नव्हतं.

दादा : आत्याआजी! हे तू शिकवलंस हिला!

आत्याआजी : तुला पण दोन वर्षांपूर्वी शिकवलं होतं, त्याच कटिंग टेबलावर. मिसरूड फुटलं आणि विसरलास.

दादा : हे बघा, सगळे हसताहेत. मावशी, तू तरी नको हसू!

* * *

आत्याआजी : चला, ओवा माळा. दोरा जाड घ्या, गाठ पक्की मारा. भिंगरे, गाठ नीट.

भिंगरी : मारली, मारली! धर, आत्याआजी! बघ केवढी!

आत्याआजी : स्वयंपाकघरातली जावईबापूंची सगळ्यात लांब, ती इथपर्यंत. दादाची त्याहून लांब. सुरुवातीचा डाव उपयोगी पडला रे. आता भिंगरीची. वर धरते हं...

भिंगरी : आई गं! सुटली!

आत्याआजी : कुणी हलू नका! पाय उचलू नका, बटणावर पाय पडेल.

भिंगरी : गाठ सुटली. सगळी गेली. कपाटाखाली गेली, व्हरांड्यात गेली... मी घाई केली ना, आत्याआजी? आता?

आत्याआजी : आता जेवढी मिळतील तेवढी तुझी. नियम तोच आहे. रडू नकोस, शोध.

दादा : सरका सगळे. मी जातो खाली. टॉर्च द्या कुणीतरी. भिंगरे, तू दारापाशी बघ, मी कपाटाखाली बघतो. ...ही घे. ही आणखी. ही कोळ्याच्या जाळ्यात अडकली होती, पुसून घे.

भिंगरी : कपाटाखाली अजून आहेत?

दादा : नाहीत आता. ओव.

आत्याआजी : गाठ मी मारते या वेळी. धरा दोन्ही. दादाची ही, भिंगरीची ही. जवळ आणते... अगं बाई. अगदी सारख्या. एका मापाच्या.

भिंगरी : सारख्या? मग खोली कुणाची?

आत्याआजी : सारख्या असल्या तर गेल्या वर्षीच्या विजेत्याची. हा नियम तुझ्या पणजोबांचा.

भिंगरी : ...बरं.

दादा : थांबा, थांबा. पायाला काहीतरी टोचतंय. पॅन्टची घडी... हे बघा. घडीत जाऊन बसलं होतं.

आत्याआजी : कुणाचं ते?

दादा : कुणाचं म्हणजे? माझी माळ कुठे तुटली होती? हिचंच आहे. घे गं. ओव आणि जा, घे ती खोली. मला तिकडे कुणी 'टक्के किती पडले' विचारायला येत नाही, एवढंच त्या खोलीत सुख होतं. आता खाली बसून उत्तरं देतो सगळ्यांना.

आत्याआजी : माळ भिंगरीची लांब! टाळ्या! ...भिंगरे, उड्या मारायच्या सोडून अशी काय उभी? आयुष्यात पहिल्यांदा स्थिर उभी राहिलीस. काय बघतेयस त्याच्याकडे?

भिंगरी : काही नाही. दादा, बूट काढ.

दादा : का?

भिंगरी : काढ म्हटलं ना. आणि चल.

* * *

(माळ्याचा जिना. दोघं अनवाणी चढताहेत. आवाज अगदी हळू.)

दादा : जिंकलीस ना तू? मग मला कशाला वर आणलंस, चिडवायला?

भिंगरी : तिसरी पायरी करकरते. कडेनं ये. आणि खिडकीला हात लावायचा नाही. शपथ घे.

दादा : घेतली. पण इथे एवढं काय... अगं! काचेपलीकडे... हलतंय काहीतरी.

भिंगरी : दोन अंडी आहेत तिच्याखाली.

दादा : म्हणून तुला खोली हवी होती?

भिंगरी : हो.

दादा : मी ही खिडकी आल्याबरोबर ढकलली असती, भिंगरे.

भिंगरी : माहीत आहे.

दादा : मग मला का सांगितलंस? गेल्या वर्षी स्टूल मीच आणलं होतं.

भिंगरी : आधी तू बोललास ना. ते बटण दिलंस, तेव्हा. मग मी ठरवलं.

दादा : मग आता मी जाऊ खाली?

भिंगरी : इथे दोन खाटा आहेत. पण खिडकी बंद राहणार, वारा मिळायचा नाही. आणि टक्के विचारायला कुणी येणार नाही, कारण मी कुणाला वर येऊच देणार नाही.

दादा : पंखा लावू की. हळू ठेवतो. ...ए, ती उठली. पंख पसरतेय! उडाली तर? आपण मागे सरकायचं का? जवळ जायचं का? काय करायचं, बोल ना पटकन!

भिंगरी : शू. खाली बस. तिला आधी ठरवू दे. आपली पाळी शेवटची.